थंडीत मरळ काय खाते

“रिकामं,” मी म्हणालो.

पल्लवी मॅडमनी वहीत फुली मारली. “सकाळपासून नऊ मरळी झाल्या जवाहरभाऊ. नवातल्या आठ रिकाम्या.”

“मग तात्याबाला सांगा, जेवून आलेल्या आण म्हणावं.”

तात्याबा दारातच उभा होता. त्याच्या हातातल्या ओल्या पोत्यातून फरशीवर पाणी ठिबकत होतं. कृष्णेत जाळं टाकण्यात त्याची चाळीस वर्षं गेलेली, त्यामुळं कॉलेजात आला तरी तो कुणाच्या बापाला भीत नसे.

“थंडीत कशाची जेवती ती,” तो म्हणाला. “डोहाच्या तळाला चिखलात तोंड खुपसून पडती बघा. आठ-आठ दिस हालत न्हाई. लयच आग पडली पोटात, तर म्होरं यील त्ये गिळती. मग त्यो बेडूक हाय का लेकरू हाय, बघत न्हाई.”

“कुणाचं लेकरू?” मॅडमनी विचारलं.

“तिचंच की.”

मॅडमनी तेही लिहून घेतलं. त्यांचा विषयच तो होता. दुसरे मासे खाऊन जगणारे नदीतले शिकारी मासे हिवाळ्यात काय खातात, हे त्यांना शोधायचं होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर आठवड्याला तात्याबा मरळी आणि वामी आणायचा, मेलेल्याच. मी त्यांची पोटं फाडायचो आणि आत जे निघेल ते काचेच्या बशीत मांडायचो. मॅडम मोजायच्या आणि लिहायच्या.

पोट फाडणं सोपं असतं. मंडईतल्या बायका गप्पा मारत मारत फाडतात. आतलं न दुखवता फाडणं अवघड. मरळीच्या पोटात अर्धवट पचलेली झिंगी असते, मिशांसकट. कात्री केसभर आत गेली की तिचा चिखल होतो. माझ्या हातून छत्तीस वर्षांत असा चिखल चार-पाच वेळाच झाला असेल. मुंबईचे एक मोठे प्राध्यापक मला बघून म्हणाले होते, “ह्यांचे हात शल्यविशारदाचे आहेत.” ते गेल्यावर मी शिपायांच्या खोलीत जाऊन माझे हात बघत बसलो होतो. माणसाला कशाचा अभिमान वाटावा, हे त्याच्या हातात नसतं.

आता माझं पूर्ण नाव सांगतो. जवाहर नेमगोंडा मगदूम, प्रयोगशाळा परिचर, प्राणिशास्त्र विभाग. दिगंबर जैन. घरात कांदा, बटाटासुद्धा येत नाही. हसायचं असेल तर हसून घ्या, मीही पुष्कळ हसून झालोय.

हात धुतोय तोच फोन वाजला. राजमतीचा, म्हणजे बायकोचा. कामाच्या वेळी ती कधी फोन करत नाही.

“महाराज येनार हाईत बेस्तरवारी,” ती म्हणाली. “कमिटीचा बाळगोंडा सांगून गेला. अव्वांनी चौका लावायचं कबूल केलंय.”

“कुणाला इचारून?” मी म्हणालो. अव्वा म्हणजे माझी आई.

“त्यांस्नी आता कुणाला इचारायचं हाय? शहाऐंशी वर्सं झाली.”

मी फोन ठेवला आणि ट्रेमधल्या मरळीकडं बघत राहिलो. तिचं पोट उघडंच होतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचे मुनी दिवसातून एकदाच, उभ्यानं, स्वतःच्या ओंजळीत जेवतात. सकाळी ते गावातून चालत निघतात. ज्यांनी शुद्ध स्वयंपाक केलाय, म्हणजे चौका लावलाय, ते दारात कलश घेऊन उभे राहतात आणि महाराजांना थांबायची विनंती करतात. महाराजांनी मनात काय नेम धरलाय ते कुणाला ठाऊक नसतं. तो जिथं जुळेल त्या दारात ते थांबतात. मग घास देणाऱ्यानं त्यांच्यासमोर म्हणायचं असतं: मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध. माझं मन, माझी वाणी, माझं शरीर, हे अन्नपाणी, सगळं शुद्ध आहे. हे म्हटल्याशिवाय घास देता येत नाही. आणि मला ते म्हणता येत नव्हतं. माझी सगळी अडचण एवढीच होती.

माझे वडील ह्याच कॉलेजात ग्रंथालयात शिपाई होते. ते गेले तेव्हा मी चोवीस वर्षांचा. अनुकंपाखाली मला घेतलं, पण रिकामी जागा निघाली ती प्राणिशास्त्रात. पहिल्याच दिवशी ऐंशी बेडूक टेबलावर मांडायचे होते. संध्याकाळी घरी आलो तर अव्वा अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, फोटोपुढं दिवा लावून बसलेली. म्हणाली, “त्येंच्याच जागंवर लागलास न्हवं?” मी म्हणालो, “व्हय.” एवढंच बोललो. ती रडायला लागली, आणि त्या रडण्यात मी मध्ये पडून ‘लायब्ररी न्हाई, बेडूक’ असं कुठल्या तोंडानं सांगणार होतो?

वाटलं, वर्षभरात बदली मागून घेऊ. मागितली. पाच वेळा अर्ज केला. सहाव्यांदा केला नाही, कारण तोवर मला ते काम आवडायला लागलं होतं. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची, पण मूठ छत्तीस वर्षं झाकून ठेवायची म्हणजे हाताला कळा येतात. मी कॉलेजातच आंघोळ करायचो, कपड्यांचा दुसरा जोड तिथंच ठेवायचो. फॉर्मालिनचा वास यायचाच. अव्वाला सांगितलं, पुस्तकांना कसर लागते, तिच्या औषधाचा वास आहे. आणि गावात मुनी आले की मला नेमकी कामं निघायची. परीक्षा, तपासणीची कमिटी, साहेब रजा देत नाहीत. एकदा तर मी ताप आल्याचं सोंग करून पडून राहिलो होतो. अव्वा शेजाऱ्यांच्या दारात, शेजाऱ्यांच्या चौक्याला, शेजाऱ्यांचा नारळ हातात धरून उभी राहायची. गाव म्हणायचं, नेमगोंडाचा पोरगा शिकल्यासवरल्या लोकांत राहून धर्माला विसरला. मी म्हणू द्यायचो.

आता ती चालत नव्हती. चार वर्षांपूर्वी मोरीत पडली तेव्हापासून कॉट आणि खुर्ची. त्या संध्याकाळी मी घरी पोचलो तर खुर्चीत बसून परातीतले तांदूळ एकेक दाणा करून निवडत होती. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, बोटांनी चाचपत होती.

“जवाहर, रजा टाकलीस?” तिनं विचारलं.

“बघतो.”

“बघू नगंस. टाक.” तिनं एक खडा काढून बाजूला ठेवला. “एकदा म्हाराजांच्या हातावर माझ्या घरचा घास पडू दे, मग मी डोळं मिटायला मोकळी. आन् त्यो तुझ्या हातचा.”

“राजमती हाय की. तिच्या हातचा दे.”

“तिचा हायच. पर तुझं हात पुस्तकाचं हाईत रं. छत्तीस वर्सं पुस्तकं पुसल्याली. बापानं पुसली, तू पुसलीस. त्याच्यापरास शुद्ध हात गावात कुनाचं हाईत?”

मी उठून परसात गेलो.

राजमती दगडावर कपडे आपटत होती. मी म्हणालो, “मला तुला एक सांगायचंय.” तिनं हातातला शर्ट पिळला, झटकला, दोरीवर टाकला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “मला ठावं हाय.”

“काय ठावं हाय?”

“अतिशय रांगत हुता तवा तुमच्या प्यांटच्या दुमडीत खवला सापडला. पयल्यांदा वाटलं, पोराचं खेळणं फुटलंय. मग आनी एकदा सापडला. मग मी बगतच गेले.” अतिशय आमचा मुलगा, आता पुण्यात नोकरी करतो, सत्तावीस वर्षांचा.

“आन् बोलली न्हाईस?”

“तुमी सांगाल म्हनून वाट बगितली. दोन-चार वर्सांनी सवं झाली.” तिनं दुसरा कपडा उचलला. “जीव मारता का सवता?”

“न्हाई. मेल्यालं येत्यात.”

“मग आसू दे. पर शुद्धी तुमी बोलू नगासा. शुद्धी मी बोलीन. तुमी दारात मागं हुबं ऱ्हावा, पानी काढा, भांडी पुसा. गर्दीत कोन बगतंय.”

तिची ही युक्ती मला पटली. छत्तीस वर्षं जे निभावलं, ते आणखी एक सकाळ निभावेल असं वाटलं. अव्वाची इच्छाही पुरी होईल आणि माझ्या तोंडून खोटंही जाणार नाही. किती शहाणपणानं माणूस खड्डा खणत असतो बघा.

गुरुवारी पहाटेच आडाचं पाणी काढलं. दुहेरी फडक्यानं गाळलं, उकळलं. फडक्यात राहिलेले बारीक जीव आमच्यात टाकत नाहीत, ज्या पाण्यातले त्या पाण्यात परत सोडतात. बुडाला दुसरा दोर बांधलेली छोटी बादली त्यासाठी असते. ती हळू सोडायची, पाण्याला टेकली की बुडाचा दोर ओढून कलंडायची. वरून ओतलं तर जीव मरतात. हे मला अव्वानं सहा वर्षांचा असताना शिकवलं. त्या दिवशी मी ते जरा जास्तच सावकाश केलं.

दहा वाजता महाराज वसतीतून, म्हणजे आमच्या मंदिरातून, निघाले. गल्लीत अकरा दारं उभी होती. राजमती कलश घेऊन पुढं, शेजारी बाळगोंडा आणि त्याची बायको, मागं मी सोवळ्यात. उंबऱ्याच्या आत खुर्चीवर अव्वा. महाराज साठीचे असतील, काठीसारखे वाळलेले, उजव्या हाताची बोटं खांद्याला लावून चालत होते. प्रत्येक दारातून “नमोऽस्तु, तिष्ठ, तिष्ठ” ऐकू यायचं आणि ते तसेच पुढं यायचे. आठ दारं झाली. माझ्या मनात आलं, आपलंही दार ओलांडून जावेत. देवाशपथ आलं. आणि ते थांबले.

अव्वाचा आवाज मला मागून ऐकू आला, हुंदका आणि हसू एकदम आल्यासारखा.

त्यांना तीन फेऱ्या घातल्या, पाय धुतले, पूजा झाली. मग सगळे एका सुरात शुद्धी बोलले. त्यात माझा आवाज नव्हता हे कुणाला कळलं नाही. महाराजांनी ओंजळ पुढं केली. राजमतीनं कोमट पाणी दिलं. बाळगोंडानं भाकरीचा घास दिला, त्याच्या बायकोनं दुधीची भाजी. महाराज प्रत्येक घास नीट निरखून मग तोंडात घालत होते. मी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून भांडं पुसत होतो. एकच भांडं.

“जवाहर कुठाय?” अव्वा म्हणाली.

राजमती म्हणाली, “हाईत हितंच. पानी बगाल्यात.”

“पानी ऱ्हाऊ दे. त्याला बलव. त्याच्या हातचा घास पडू दे.”

“अव्वा, मी हाय की हितं,” मी म्हणालो.

“तितं न्हवं, म्होरं ये.”

बाळगोंडानं माझ्या दंडाला धरलं. वाईट माणूस नाही तो. कमिटीचा माणूस, त्याला सगळं रीतसर लागतं. “जा की रं,” तो कानाशी म्हणाला. “म्हातारीचा जीव आडकलाय त्यात. शुद्धी बोल आन् घाल घास.” आणि त्यानं तूपभाताचा घास माझ्या हातावर ठेवला.

अव्वा महाराजांकडं हात जोडून म्हणाली, “माझा ल्योक हाय म्हाराज. उभा जल्म पुस्तकं सांभाळल्याती त्यानं.”

महाराजांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. ओंजळ माझ्यापुढं होती. त्यांच्या तळहाताला भेगा होत्या, चालणाऱ्या माणसाच्या पायाला असतात तशा. मी म्हणायला लागलो. “मनशुद्धी, वचनशुद्धी,” इथवर आलो. पुढचा शब्द निघेना. भात हातावर गरम लागत होता. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, अव्वा तर ओठ हलवून मला आठवण करून देत होती, लहानपणी पाढे म्हणताना द्यायची तशी.

“म्हाराज, माझ्या हातनं नगो,” मी म्हणालो. “मी कॉलेजात मासं फाडतो.”

शब्द बाहेर पडला आणि मला कळलं मी काय केलं ते. मुनी जेवत असताना ताटात केस निघाला, किडा निघाला, किंवा कापण्या-मारण्याचा, मांसाचा शब्द नुसता कानावर पडला, तरी तो अंतराय. जेवण तिथंच संपतं. मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही नाही. हे आमच्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला तब्येत बरी नाही म्हणता आलं असतं. घास खाली ठेवून नुसती मान हलवता आली असती. छत्तीस वर्षं जे खरं बोलायला जागा सापडली नाही, ते मी नेमकं त्या जागी बोललो.

महाराजांची ओंजळ सुटली. बोटांत राहिलेला भाजीचा तुकडा खाली पडला. ते रागावले नाहीत. खाली बसले, तोंड स्वच्छ केलं, अव्वाकडं बघून आशीर्वादाचा हात केला आणि उठून चालायला लागले. चौथा घाससुद्धा झाला नव्हता. आदल्या दिवशी त्यांचा उपवास होता, हे बाळगोंडानं मला नंतर मुद्दाम येऊन सांगितलं.

अव्वानं माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही. ती माझ्या हाताकडं बघत होती. तूपभात अजून त्यावर तसाच होता.

त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून अव्वा राजमतीच्या हातून दोन चमचे पेज घ्यायची. मी वाटी पुढं केली की तोंड भिंतीकडं करायची. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पण नाही. गल्लीतही कुणी मला टाकून बोललं नाही, फक्त मी आलो की बोलणं थांबायचं. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले वय झालंय, जे घेतील ते द्या. तेलही गेलं, तूपही गेलं, म्हणतात ना, तसं माझं झालं. खरं बोलल्याचं पुण्य नाही आणि झाकलेलं झाकलेलंही राहिलं नाही.

मी कामावर जात राहिलो. जानेवारीत थंडी वाढली आणि पोटं जास्तच रिकामी निघू लागली. एका मंगळवारी मोठी मरळ आली, दोन किलोच्या वर. फाडली तर आत बोटाएवढी चार पिल्लं. डोक्यावरचे खवले आणि अंगावरचे पट्टे बघून मी ओळखलं, मरळीचीच. अर्धवट विरघळलेली. मी ती बशीत ओळीनं मांडली. एकाचीही शेपटी तुटली नाही.

पल्लवी मॅडमनी फोटो काढला. मग म्हणाल्या, “तुमचं काही बिनसलंय का जवाहरभाऊ? पंधरा दिवस बघतेय.”

मी सांगितलं सगळं. त्या कोल्हापूरच्या मराठ्यांच्या, त्यांना अंतराय वगैरे काही ठाऊक नव्हतं, तरी त्यांनी पेन खाली ठेवलं. “माझ्या प्रकल्पामुळं झालं म्हणायचं.”

“न्हाई मॅडम. तुमी यायच्या आधीपासनं चाललंय ते.”

“अहवालात सुरुवातीला आभार असतात. त्यात तुमचं नाव घालणार होते मी. आता घालू की नको?”

मी चिमटा पुसून ट्रेमध्ये ठेवला. “घाला,” म्हणालो. एवढं झालं तरी मला ते हवं होतं, काय सांगू.

रविवारी मी कवठेपिरानला गेलो. महाराज तिथल्या वसतीत होते. लोक पाया पडून गेल्यावर मी लांबच बसलो आणि म्हणालो, “म्हाराज, मला प्रायश्चित्त द्या.” त्यांनी मला ओळखलं. माझं बोलणं त्यांना आठवत होतं, माझा चेहराही.

“त्या दिवशी तू गप्प राहिला असतास तर माझं पोट भरलं असतं,” ते म्हणाले. “एक दिवस पोट रिकामं राहिलं, त्याचं काही नाही. आम्हाला सवय आहे. पण तू खोटं माझ्याशी बोलला नव्हतास. ज्याच्याशी बोललास, प्रायश्चित्त त्याच्याकडं माग.”

मी सायकल घेऊन परत फिरलो. वारणेच्या पुलावर वारा असा होता की डोळ्यांतून पाणी येत होतं. सगळंच पाणी वाऱ्यानं नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा साडेपाच वाजले असतील. राजमती पीठ आणायला गेली होती. अव्वा कॉटवर पडून होती. खिडकीतून ऊन तिच्या पायांवर आलं होतं. मी जमिनीवर बसलो आणि म्हणालो, “अव्वा, मी म्हाराजांकडं गेलो हुतो. त्येनी तुझ्याकडं धाडलंय.”

मी बसून राहिलो. ऊन पायांवरून कॉटच्या कडेला सरकलं. मग भिंतीकडं तोंड असतानाच ती म्हणाली, “काय बगता त्यांच्या पोटात?”

आवाज इतका बारीक होता की मी पुढं सरकलो. “काय?”

“पोट फाडून काय बगता रं?”

“काय खाल्लंय त्ये. थंडीत काय खात्यात, त्ये शोधाल्यात मॅडम.”

“मग काय खात्यात?”

“लय करून काईच न्हाई, अव्वा. शंभरातल्या सत्तरांची पोटं रिकामी निगत्यात.”

ती वळली. पंधरा दिवसांनी तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. “उपास करत्यात म्हनायचं.”

“तसंच.”

“आन् ऱ्हायलेली तीस?”

इथं मला थांबता आलं असतं. झिंगं, गोगलगायी म्हणून मोकळं होता आलं असतं. पण आता तिच्याशी खोटं बोलायचं नव्हतं. “कुनी झिंगं खाल्लेलं असतंय. कुनी बेडूक. मंगळवारी एकीच्या पोटात तिचीच पोरं निगाली. चार.”

अव्वा छताकडं बघत राहिली. तिचे ओठ हलत होते, णमोकार मंत्र म्हणत असावी. मग म्हणाली, “गढूळ पान्यात वळकू येत नसंल रं तिला.”

मी तिच्या कॉटच्या लाकडावर डोकं टेकलं. रडलो. साठ वर्षांचा माणूस, नातवंडं खेळवायच्या वयात. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, तेवढी ताकद नव्हती. बोटं फक्त जवळ आणून ठेवली.

“पानी दे,” ती म्हणाली. “तूच दे.”

मी उठलो. अव्वा सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नसे, वयाच्या विसाव्या वर्षापासून. खिडकीत अजून ऊन होतं. मी आडाचं ताजं पाणी ओढलं, फडक्यानं गाळलं, गॅसवर ठेवलं. फडकं बादलीत तसंच टाकलं, जीव नंतर सोडू म्हणून. मग हात धुतले. साबणानं धुतले. नाकाशी धरून बघितले, तर मला वास आला. राखेनं घासले. परत वास आला. नखांच्या कडा लिंबानं घासल्या. आता कळतंय, वास येत नव्हता. आदल्या दोन दिवसांत मी माशाला हातच लावला नव्हता. पण तेव्हा मला तिच्या तोंडाजवळ नेण्याजोगे हात पाहिजे होते. तिसऱ्यांदा धुतले. पाणी उकळलं, निववलं, पेल्यात ओतलं आणि आत आलो.

खिडकीतलं ऊन गेलं होतं. भिंत नुसती करडी दिसत होती.

“मावळला की रं,” अव्वा म्हणाली.

“मावळू दे. एक घोट घे. म्हातारपनाला, आजारपनाला सूट असती.”

“न्हाई.” ती जराशी हसली. “उद्या सकाळी दे. तूच दे.”

मी पेला झाकून तिच्या उशाशी ठेवला. राजमती आली तेव्हा मी तिला सांगितलं, अव्वा बोलली. ती देव्हाऱ्यापुढं जाऊन उभी राहिली.

सकाळ व्हायच्या आत अव्वा गेली. राजमतीनं मला हाक मारली तेव्हा पूर्वेला जरा उजाडत होतं. सूर्य अजून वर आला नव्हता. पेला झाकलेलाच होता.

माणसं जमायला लागली. बाळगोंडा आला, बायका आल्या, अतिशयला फोन गेला. मी कशाला तरी ठेचकाळत परसात गेलो आणि बादलीत पडलेलं फडकं दिसलं. कालचं. रात्रभर तसंच. छत्तीस वर्षं मी मेलेले मासे फाडले, आणि घरी आईनं शिकवलेलं हे एवढंसं काम माझ्या हातून राहून गेलं होतं. त्यात आता काय जिवंत राहिलं असेल कोण जाणे. मी फडकं उलटं धरून बादलीत थोडं गाळलेलं पाणी ओतलं, फडकं सावकाश धुतलं आणि ती बादली आडात सोडली.

बाळगोंडा मला शोधत आला होता. काही बोलणार होता, पण त्यानं दोर बघितला आणि तिथंच थांबला. मी हात-हात दोर सोडत गेलो. वरून ओतायचं नाही. बादली पाण्याला टेकली की हाताला कळतं, दोर हलका होतो. तो हलका झाला. मी बुडाचा दोर ओढला आणि थोडा वेळ तसाच वाकून थांबलो, सगळे जीव बाहेर पडेपर्यंत.